वन्संनी पुरावा धुतला

आमच्या वन्संच्या हाताला एखादी वस्तू लागली की ती धुतली गेली म्हणूनच समजा. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी माहेरची पिशवी धुवून दोरीवर वाळत घातली होती. पिशवीत आमच्या लग्नाचा दाखला होता. मी डोक्याला हात लावून बसले, तर त्या म्हणाल्या, "डाग होता पिशवीला." बस. ना माफी, ना काही. बावीस वर्षं झाली तरी ती गोष्ट मी विसरलेले नाही, आणि पुढे त्यांनी जो पराक्रम केला त्यापुढे तो दाखला म्हणजे काहीच नव्हता.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. विचारलं तर सांगायच्या की अर्ध्या गावाचे कपडे धुते, आणखी एका माणसाचे कशाला. पुलापलीकडच्या मोठ्या लाँड्रीत तेव्हा त्यांना तीस वर्षं झाली होती. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाचे टॉवेल, सगळं तिथे यायचं. नीळ घालून घालून त्यांच्या बोटांची टोकं कायमची निळी झाली होती, म्हणून वस्तीत त्यांना सगळे नीळवाली म्हणायचे. मी वन्संच म्हणते. तोंडावर म्हणते आणि पाठीमागेही, कारण त्यांना पाठीमागचंही ऐकू येतं.

आमची माणसं आजोबांच्या काळात गोदी खणायला आणली. गोदी झाली, जहाजं लागली, आणि माणसं पुलाच्या अलीकडे राहून गेली. आम्ही काळे, कुरळ्या केसांचे. पूल ओलांडला की दुकानदाराची नजर आधी आमच्या हातांवर जाते आणि मग तोंडावर. कायद्याने आम्हाला कुठेच बंदी नाही, हे आमच्या मास्तरांनी शाळेत तीन पिढ्यांना पाठ करून घेतलंय. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाने तो धडा गिरवलेला असतोच असं नाही.

आणि आम्हाला पोहता येत नाही. पाण्याला खेटून राहतो आणि वस्तीत एकाला पोहता येत नाही. गोदीच्या पायऱ्यांवरून दर दोनतीन वर्षांनी एखादं लेकरू जातं. वन्सं आणि ह्यांचा एक धाकटा भाऊ असाच गेला, नऊ वर्षांचा. वन्सं तेव्हा चौदाच्या. खालच्या पायरीवर बसून त्यांनी हात लांब केला होता, आणि तो वीतभर कमी पडला. हे मला ह्यांनी सांगितलं. वन्संनी स्वतः आजतागायत त्यातलं अक्षर काढलेलं नाही.

म्हणून नगरपालिकेने 'सर्वांसाठी' असा फलक लावून पोहण्याचा तलाव बांधला तेव्हा वन्संनी फर्मान काढलं, की आमच्या बेडकीने पोहायला शिकायचंच. बेडकी म्हणजे माझी लेक. दहा वर्षांची होती आणि बादलीतसुद्धा उडी मारायला बघायची. मी तिला पोहण्याचा पोशाख शिवला, आम्ही रविवारी सकाळी पूल ओलांडून गेलो, आणि खिडकीतल्या माणसाने फार गोड आवाजात सांगितलं, की आज तलाव भरला, जागा नाही.

पुढच्या रविवारी भरला. त्याच्या पुढच्याही. आमच्या मागून येणारी गोरी कुटुंबं बाजूच्या दाराने आत जायची. विचारलं तर उत्तर तयार, त्यांची आधीच नोंदणी आहे. नोंदणी कुठे करायची? ती आता संपली. कुणी हाकलून दिलं असतं तर मी भांडले असते, माझा त्यात हातखंडा आहे. पण गोड बोलणाऱ्याशी भांडायला गेलं की आपणच भांडखोर ठरतो. बेडकी मात्र पोशाख दर शनिवारी रात्री स्वतःच घडी करून उशाशी ठेवायची.

असा पाचवा की सहावा सोमवार असेल. जेवताना मी नेहमीसारखी त्या खिडकीवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. वन्संनी घास खाली ठेवला.

"काल भरला होता म्हणालीस?"

"खच्चून. त्याच्या तोंडचे शब्द."

"एकतीस टॉवेल आले आज."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तलावावर नियमांचा मोठा फलक आहे. नियम तीन, घरचा टॉवेल आणायचा नाही, कारण तो स्वच्छ असेलच असं नाही. नियम चार, प्रत्येकाला तलावाचा एक धुतलेला टॉवेल मिळेल. रविवारचे वापरलेले टॉवेल सोमवारी सकाळी गाठोडं बांधून लाँड्रीत येतात. गाठोड्याला कापडाची पट्टी टाचलेली असते. तिच्यावर तलावाचा कारकून तारीख आणि नग लिहितो, शिक्का मारतो. धुवून झालं की पट्टी चिंध्यांत जाते. म्हणजे इतके रविवार आमचा पुरावा आपल्या पायांनी वन्संच्या हातात येत होता, आणि त्या तो चिंध्यांत टाकत होत्या.

मला आठवतंय, ह्यांनी ताट सरकवलं आणि तसेच खरकट्या हाताने मास्तरांकडे पळाले. अर्ध्या तासात मास्तर आमच्या स्वयंपाकघरात. सत्तरी उलटलेला माणूस, पण डोळे असे चमकत होते की बस. त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. दर रविवारी वस्तीतल्या तिघाचौघांनी खिडकीवर जायचं, 'भरला' हे ऐकायचं आणि वेळ वहीत लिहायची. सोमवारी वन्संनी पट्टी आणायची. कुणी आवाज चढवायचा नाही. हे शेवटचं मास्तरांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

काय ते दिवस होते. रविवारी नकार मिळाला की आम्ही खिडकीवाल्याला धन्यवाद देऊन, ओठ चावत, कोपऱ्यापर्यंत कसंबसं चालत यायचो आणि कोपरा वळलो की हसत सुटायचो. आणि सोमवारी संध्याकाळी पुलावर निम्मी वस्ती उभी. वन्सं येताना दिसल्या की कुणीतरी हाक मारायचं, किती? त्या चालता चालता बोटांनी खुणा करायच्या. अठ्ठावीस. सदतीस. एकदा तर फक्त एकोणीस. अकरा रविवारांच्या अकरा पट्ट्या जमल्या. वन्संनी त्या खळीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या. मास्तरांनी नगरपालिकेला अर्ज केला, उत्तर आलं नाही, दुसरा केला, आणि तिसऱ्या अर्जावर तीनशे सह्या बघून त्यांनी खुली सुनावणी लावली. गुरुवारी सकाळी दहाला, मोठ्या सभागृहात. पुरावा मूळ स्वरूपात आणावा, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

लाँड्रीच्या मालकाला सुगावा लागला. त्याने वन्संना बोलावून सांगितलं, की तलावाचं काम गेलं तर मी काय करू, गुरुवारी तिथे तोंड उघडलंत तर शुक्रवारी येऊ नका. वन्संनी हे घरी सांगितलं ते सुद्धा भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. आणि बुधवारी दुपारची सुट्टी टाकली.

बुधवारी पाचला मी कामावरून आले तर खिडकीतल्या दोरीवर अकरा शुभ्र पट्ट्या ओळीने लटकत होत्या.

मी एक पट्टी हातात घेतली. उजेडाकडे धरली. ना तारीख, ना नग, ना शिक्का. वन्सं इस्त्री तापवत होत्या.

"वन्सं, हे काय केलंत?"

"वास मारत होत्या. चिखलासारख्या दिसत होत्या." मग त्यांना माझा चेहरा दिसला. "शाई धोब्याची आहे. धुतलं तरी जात नाही ती."

"पण गेली की."

"डाग निघेनात, म्हणून जरा ब्लीचमध्ये..." असं म्हणता म्हणता त्यांनाच उमगलं आणि त्या इस्त्री तशीच धरून उभ्या राहिल्या.

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. लग्नाच्या दाखल्यापासून सुरुवात केली होती, एवढं सांगते. अकरा आठवडे तीनशे माणसं ज्या डब्याकडे डोळे लावून होती तो डबा या बाईने उकळून काढला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "आपल्याला घाणेरडे म्हणतात गं ते. मळक्या चिंध्या घेऊन त्यांच्यासमोर कशी जाऊ मी?"

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मी त्यांच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि आम्ही दोघी रडलो. मास्तर आले, त्यांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या, एका पट्टीवर बोट फिरवलं, म्हणाले, "खळ छान बसली आहे," आणि खुर्चीत बसून राहिले. मग ठरलं, की जायचं तर आहेच. वही आहे, तोंड आहे.

सभागृह दहाच्या आतच भरलं, आणि यावेळी खरंच भरलं. मागे आम्ही, पुढच्या रांगांत पलीकडचे. त्यात रविवारी बाजूच्या दाराने आत जाणाऱ्या काही बायकाही होत्या, मी चेहरे ओळखले. व्यासपीठावर अध्यक्षबाई, जाड चष्म्याच्या. मास्तरांनी वही वाचली, शांतपणे, एकेक रविवार, एकेक वेळ. अध्यक्षबाईंनी पट्ट्या मागितल्या. वन्सं उठल्या, पुढे गेल्या आणि अकरा कोऱ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"मी धुतल्या," त्या म्हणाल्या.

काय हशा पिकला. पुढच्या रांगेत एक जण तर डोळे पुसत होता. वन्सं मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मग तलावाचे व्यवस्थापक उभे राहिले. आता मैदान त्यांचंच होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागले. अकराही रविवार, दर रविवारी शंभर माणसं. एक कमी नाही, एक जास्त नाही, कारण तलाव भरला म्हणजे शंभर. शिवाय स्वच्छतेचं किती कौतुक! घरचा टॉवेल आत येऊच देत नाही. प्रत्येकाला धुतलेला टॉवेल, आणि एकदा वापरला की तो थेट गाठोड्यात. याच कारणाने, ते म्हणाले, प्रतिष्ठित कुटुंबं आमच्यावर विश्वास टाकतात. त्या जोरावर पुढच्याच रांगांतून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, की स्पष्ट बोलायचं तर काही लोकांनी पाण्यात उतरणं इतरांना आवडत नाही, पाणी खराब होतं.

मी उठणारच होते, मास्तरांनी माझा पदर धरला. वन्संनी त्या गृहस्थांकडे वळून पाहिलं.

"तीस वर्षं माझे हात तुमच्या चादरींच्या पाण्यात आहेत," त्या म्हणाल्या. "एकदा तरी माझा रंग लागला का तुमच्या चादरीला?"

गृहस्थ बसले. आमच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, तर वन्संनी हात वर करून त्या थांबवल्या, कारण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्यांच्या कपाळावर ती आठी पडली होती जी एखादा मोजा जोडीविना सापडला की पडते. त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या, "शंभर म्हणालात ना?"

शंभर, व्यवस्थापक म्हणाले.

"प्रत्येकाला एक टॉवेल. धुतलेला. आणि रविवारी लाँड्री बंद."

अर्थात.

"तलावाकडे टॉवेल साठ आहेत."

इथे मला कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा मी मास्तरांचा दंड इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वळ मला दाखवला. नवे टॉवेल आले तेव्हा त्यांच्या कोपऱ्यांत लाल दोऱ्याने आकडे घालायला लाँड्रीने वन्संनाच बसवलं होतं. एक ते साठ. दोन दिवस त्या तेच करत होत्या. आम्हाला हे माहीत होतं, पण उपयोग कसा होणार? भरला म्हणजे किती, हे खिडकीवाल्याने कधी सांगितलंच नव्हतं. ते त्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी बोललं, आणि व्यवस्थापकांनी आपल्याच तोंडाने सांगितलं.

"मग उरलेल्या चाळीस माणसांनी," वन्सं म्हणाल्या, "अंग कशाला पुसलं?"

व्यवस्थापकांनी रजिस्टर मिटलं. पुन्हा उघडलं. मग म्हणाले, की गर्दीच्या दिवशी काही टॉवेल वाळवून दुसऱ्यांदा देत असतील, नोकरांनी केलं असेल, आपल्याला कल्पना नाही.

हे त्यांनी बोलायला नको होतं. पुढच्या रांगेतली, केसांचा उंच अंबाडा घातलेली एक बाई ताडकन उभी राहिली. आम्हाला अकरा रविवार परत पाठवताना ही बाई आमच्या डोळ्यांदेखत आत गेलेली, एका शब्दाने कधी बोलली नव्हती. पण परक्याने वापरलेला टॉवेल? तिने व्यवस्थापकांना सुनावलं, की मला आजवर कधीही दुसऱ्याचा टॉवेल मिळालेला नाही, असं काही पसरवू नका, आणि द्यायची वेळ येईलच कशी, आत कधी चाळिसाच्या वर माणूस नसतं. बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. ती हळूच खाली बसली. अन्यायाने जी जागी झाली नाही ती टॉवेलने झाली. मला तिला मिठी मारावीशीही वाटली आणि चिमटा काढावासाही वाटला.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, की तलाव चौकापलीकडेच आहे ना? मग मोजूनच येऊ.

आणि अख्खं सभागृह उठलं. पुढे अध्यक्षबाई, शेजारी वन्सं, मागे आम्ही शेदीडशे माणसं, आणि सगळ्यात मागे पाय ओढत व्यवस्थापक. चौकातली माणसं बघत उभी राहिली. ज्या खिडकीने आम्हाला इतके दिवस परत पाठवलं तिच्या बाजूच्या दाराने आम्ही सरळ आत गेलो, आणि आतला तो हिरवट गार वास नाकात शिरला. फळीवरचे, वापरलेले, दांडीवरचे, सगळे टॉवेल एका बाकावर आणले. वन्सं कोपरा उलटून आकडा सांगायच्या, अध्यक्षबाई मोजायच्या. अठ्ठावन्न झाले. व्यवस्थापकांचा चेहरा जरा खुलला. सतरा आणि चव्वेचाळीस नाहीत, वन्सं म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी बाकाखालून फरशी पुसायची दोन फडकी ओढली. कोपऱ्यांत लाल दोरा होता. सतरा आणि चव्वेचाळीस.

शुक्रवारी वन्सं रोजच्या वेळेला लाँड्रीत गेल्या. मालक दारात उभा होता. त्याच्या मागे इस्पितळाच्या चादरींचा ढीग छताला लागला होता. तो बाजूला झाला आणि वन्सं आत गेल्या, एवढंच झालं. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेने खिडकी बंद केली, व्यवस्थापकांना दुसरीकडे पाठवलं, आणि आत किती माणसं आहेत हे बाहेर फळ्यावर लिहायचा हुकूम काढला.

पहिल्या रविवारी पूल काळ्या डोक्यांनी भरून गेला होता. अकरा वाजता साठच्या साठ टॉवेल संपले आणि दारात नुसता गोंधळ. मग नव्या व्यवस्थापकांनी स्वतः शिडी लावली आणि फलकावरचा नियम तीन पुसून टाकला. लगेच पुलावरून घरचे टॉवेल यायला लागले, पट्ट्यांचे, विटलेले, मधोमध विरलेले. एकाने तर परकरच आणला. आम्ही इतके हसलो की पोटात दुखायला लागलं.

वन्सं पाण्यात उतरायचं नाही म्हणत होत्या. मग कधीतरी मी मान वळवली तर त्या साडी खोचून सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, कठडा धरून उभ्या. तीस वर्षं हात पाण्यात घातलेली बाई, पण पाय पहिल्यांदाच गेले असावेत. बेडकी समोर हातपाय झाडत होती, नाकातोंडात पाणी जात होतं, शिकवणारी बाई तिच्या मागेच होती. वन्संनी कठडा सोडला, पुढे झुकून हात लांब केला. बेडकीने एकदा पाणी कापलं, दोनदा कापलं, आणि ती निळी बोटं घट्ट पकडली. वन्संनी तिला ओढून कुशीत घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. बेडकी ओरडत होती, आत्या, सोड, मला परत जायचंय.

सोमवारी तलावाचं गाठोडं आलं. पट्टीवर तारीख आणि खाली नग साठ, शिक्क्यासकट. वन्संनी ती संध्याकाळी घरी आणून भिंतीला टाचली. नऊ वर्षं झाली. बेडकी आता त्याच तलावात वस्तीतल्या पोरांना शिकवते. पट्टीवर फोडणीचे शिंतोडे उडालेत, माश्या बसून गेल्यात, एका कोपऱ्याला कळकट तेलाचा डाग आहे. मी कितीदा म्हटलं, वन्सं, जरा पाण्यातून काढू का? त्या मला हात लावू देत नाहीत, आणि त्यांनी स्वतःही ती एकदाही धुतलेली नाही.